ज्याची त्याची पिशवी

परीक्षा संपतात, निकाल लागतो आणि उन्हाळ्याच्या सुटीत आठ दिवस कोठेतरी जाऊन यावे, असा बेत घराघरांत शिजू लागतो. बेत ठरेपर्यंत सारे घर एक असते. कोणी समुद्राचे नाव घेतो, कोणी डोंगराचे. आजीला देवदर्शन हवे असते, मुलांना वाळूत किल्ले बांधायचे असतात. शेवटी एकमत होते, तिकिटे काढली जातात आणि दिवस मोजले जाऊ लागतात. पण निघण्याच्या आदल्या रात्री या एका घराचे दोन भाग पडतात. एका भागात घरातील सारी मंडळी असतात आणि दुसऱ्या भागात एकटी आई असते. तिच्याभोवती कपड्यांचे ढीग, उघड्या पेट्या, औषधांच्या बाटल्या आणि खाऊचे डबे पसरलेले असतात. पहिल्या भागातील मंडळी अधूनमधून दारातून डोकावतात. "माझा निळा सदरा घेतलास ना?" "माझी टोपी वरच ठेव हं!" "माझा चेंडू कोठे आहे?" असे प्रश्न एकामागून एक येत राहतात. "मी काय करू?" हा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाही.

हे दृश्य इतके नित्याचे आहे, की त्यात काही चुकत असेल असे आपल्या मनातही येत नाही. मला मात्र त्यात एक चूक दिसते. माझे मत असे आहे, की ज्याला आपले दप्तर भरता येते, त्याने प्रवासाची आपली पिशवीही आपणच भरली पाहिजे. अकरा-बारा वर्षांच्या मुलामुलींना हे काम सहज जमण्याजोगे आहे. किंबहुना ते त्यांचे कामच आहे. हे मत मी कोणा विद्वानाच्या ग्रंथातून घेतलेले नाही. ते मला माझ्या आईच्या चाळिशीने शिकविले. चाळिशी म्हणजे वयाच्या चाळिसाव्या वर्षाच्या सुमारास वाचण्यासाठी लागू लागणारा चष्मा.

मी तेव्हा बारा वर्षांचा होतो. आम्ही कोल्हापुरास राहत होतो आणि त्या वर्षी मे महिन्यात मालवणास जाण्याचे ठरले होते. आजी, आई, बाबा, मी आणि माझी धाकटी बहीण अशी आम्ही पाच माणसे. सामान म्हणाल, तर पत्र्याच्या दोन ट्रंका, एक होल्डॉल, खाण्याच्या पदार्थांची एक करंडी, पाण्याचा फिरकीचा तांब्या आणि शिवाय हाताला सापडतील तेवढ्या पिशव्या. ही सारी बांधाबांध आईने तीन दिवस खपून एकटीने केली होती. दिनदर्शिकेच्या सरलेल्या महिन्याचे पान फाडून त्याच्या पाठीवर तिने यादी लिहिली होती. आजीच्या गुडघ्यांना लावण्याचे तेल, बाबांचे दाढीचे सामान, बहिणीची बाहुली, माझे पत्ते आणि चेंडू. कोणाला काय लागते, हे तिला तोंडपाठ होते. यादीच्या अगदी तळाशी तिने स्वतःसाठी एकच वस्तू लिहिली होती. ती म्हणजे वाचनालयातून आणलेली एक जाडजूड कादंबरी. ती वाचावी, असे वर्षभर तिच्या मनात होते. पण घरच्या कामांतून सलग तासभराचीही उसंत तिला मिळाली नव्हती.

फोंडा घाट उतरून आमची एस. टी. कोकणात आली आणि सायंकाळी आम्ही मालवणास पोहोचलो. दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणे आटोपल्यावर आई ओसरीवर येऊन बसली. अंगणात माडांच्या झावळ्यांची सावली हलत होती आणि दूरवरून समुद्राची गाज ऐकू येत होती. तिने कादंबरी मांडीवर घेतली, पहिले पान उघडले आणि जवळच्या पिशवीत हात घालून ती काहीतरी चाचपू लागली. मग तिने दुसरी पिशवी पाहिली. मग ट्रंक उघडली. तिची चाळिशी कोल्हापुरासच राहिली होती. निघण्याच्या आदल्या रात्री माझ्या सदऱ्याची तुटलेली गुंडी शिवताना तिने ती डोळ्यांवर चढविली होती आणि गुंडी शिवून होताच शिवणयंत्रावर ठेवून दिली होती.

"असू दे," एवढेच म्हणून तिने पुस्तक मिटले. तिने कोणाला दोष दिला नाही. म्हणूनच कदाचित मला ते इतके लागले. पाच माणसांच्या त्या सामानात चार माणसांची टाचणीदेखील विसरली नव्हती. विसरली होती ती सामान भरणाऱ्या माणसाचीच वस्तू. आणि तीही माझ्या गुंडीपायी! ती शिवून दे, असे मी रात्री दहा वाजता सांगितले होते. पुढे रोज दुपारी मी आईला ती कादंबरी वाचून दाखवू लागलो. पहिले दोन दिवस मला ते ओझे वाटले. तिसऱ्या दिवसापासून मी स्वतःच त्या गोष्टीत रंगून गेलो. पण आठ दिवसांत निम्मेही पुस्तक झाले नाही आणि मुदत संपल्यामुळे ते तसेच वाचनालयात परत गेले. उरलेली अर्धी गोष्ट आईने पुढे कधी वाचली की नाही, हे मी तिला विचारलेले नाही. खरे सांगावयाचे तर विचारण्याचे धैर्य मला झाले नाही.

एकाच माणसाने सर्वांचे सामान भरले, की असे होणारच. माणसाच्या लक्षात ठेवण्याच्या शक्तीला मर्यादा असते. चौघांच्या गरजांनी ती जागा भरून गेली, की पाचव्यासाठी, म्हणजे स्वतःसाठी, तेथे जागाच उरत नाही. यात आईचा विसराळूपणा नव्हता. आमचा आळस होता. आमच्या आळसाची किंमत तिने आपल्या सुटीने मोजली. सुटी ही जर सर्वांची असेल, तर सुटीचे कामही सर्वांचेच असले पाहिजे. आठ दिवसांच्या विश्रांतीसाठी घरातील एका माणसाने आधी तीन दिवस आणि परतल्यावर तीन दिवस राबावे आणि त्याला आपण "कुटुंबाची सहल" म्हणावे, हे न्यायाचे नाही.

माझ्या या मतावर नेहमी तीन आक्षेप घेतले जातात. पहिला असा, की मुलांना पिशव्या भरू दिल्या, तर ती निम्म्या वस्तू विसरतील. विसरतील, हे मला मान्य आहे. माझी भाची प्रथमच स्वतःची पिशवी भरून निघाली, तेव्हा तिने तीन गोष्टींची पुस्तके, रंगपेटी आणि दोन टोप्या घेतल्या; पण अंग पुसावयास काहीच घेतले नाही. समुद्रातून निथळत बाहेर आल्यावर हे तिच्या ध्यानात आले आणि मग आठवडाभर तिला धाकट्या भावाची मनधरणी करून त्याचा पंचा मागून घ्यावा लागला. पुढच्या वर्षी तिच्या यादीत पहिल्याच ओळीत मोठ्या अक्षरांत "पंचा" असे लिहिलेले होते. जी गोष्ट दहा वेळा सांगून कळत नाही, ती एकदा अडून बसल्यावर कळते. अर्थात येथे एक भेद केला पाहिजे. काही वस्तू विसरल्या, तर थोडी गैरसोय होते आणि पुढे त्या गोष्टीचे हसू येते. काही वस्तू विसरल्या, तर प्रवासच अडतो किंवा डॉक्टरांकडे धाव घ्यावी लागते. आजीच्या रक्तदाबाच्या गोळ्या, तिकिटे, ओळखपत्रे आणि पैसे या दुसऱ्या प्रकारच्या वस्तू होत. त्या वडीलधाऱ्यांनीच सांभाळाव्यात, दोनदा तपासाव्यात आणि मोठ्या पेटीच्या तळाशी न ठेवता हाताशी असलेल्या पिशवीत ठेवाव्यात. पहिल्या प्रकारच्या वस्तू विसरण्याचा अधिकार मात्र मुलांना खुशाल द्यावा.

दुसरा आक्षेप वेळेचा आहे. आई जी पिशवी पंधरा मिनिटांत भरते, तिला मुले दोन तास लावतात, असे म्हणतात. हेही खोटे नाही. परंतु सायकल शिकताना पहिल्या दिवशी आपण चालण्यापेक्षाही हळू जातो. म्हणून कोणी सायकल शिकावयाचे सोडीत नाही. प्रवास तर अनेक दिवस आधी ठरलेला असतो. दोन तास काढावयास त्यात पुष्कळ अवकाश असतो. तो अवकाश आपण वाया घालवितो आणि मग आदल्या रात्री वेळ नाही म्हणून ओरडतो.

तिसरा आक्षेप मला सर्वांत अधिक विचार करण्यासारखा वाटतो, कारण तो आयाच घेतात. "मुलांचे सामान भरण्यात मला आनंद वाटतो, तो तुम्ही का हिरावून घेता?" असे त्या म्हणतात. या मायेपुढे माझे मस्तक नमते. पूर्वी कोणी प्रवासास निघाला, की घरातील स्त्रिया त्याच्याबरोबर तहानलाडू-भूकलाडू बांधून देत. दशम्या, चटणी, गूळ-शेंगदाणे हे नुसते अन्न नव्हते. ती वाटेवरची घरची सोबत होती. ती आईने अवश्य द्यावी आणि मुलांनी आनंदाने घ्यावी. पण शिदोरी बांधून देणे वेगळे आणि पायमोज्यांची जोडी शोधून देणे वेगळे. पहिल्यात माया आहे; दुसऱ्यात नुसती चाकरी आहे. आईवर प्रेम करणाऱ्या मुलाला हा फरक ओळखता आला पाहिजे.

आता पिशवी कशी भरावी, याविषयी थोडे सांगतो. कारण नुसते मत देऊन बाजूला होणे बरे नव्हे. पहिली गोष्ट म्हणजे यादी. आपण साधारणपणे वस्तूंची यादी करतो आणि त्यामुळे घरात जे जे दिसते ते ते यादीत शिरते. त्याऐवजी दिवसांची यादी करावी. पहिल्या दिवशी आपण कोठे असू, सकाळी उठल्यावर काय लागेल, दुपारी ऊन असेल की पाण्यात उतरावयाचे असेल, रात्री कोठे निजावयाचे आहे, असा एकेक दिवस डोळ्यांपुढे आणावा. मग लागणाऱ्या वस्तू आपोआप सुचतात आणि न लागणाऱ्या गळून पडतात. मालवणच्या समुद्रातील सिंधुदुर्ग हा किल्ला शिवाजी महाराजांनी १६६४ ते १६६७ या काळात बांधविला. चारी बाजूंना खारट पाणी असूनही त्याच्या आत दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव अशा गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. किल्ल्याचा तट कितीही भक्कम असला, तरी आत पिण्याचे पाणी नसते, तर तो लढला नसता. आधी ज्यावाचून चालणार नाही ते पाहावे आणि मग शोभेचे पाहावे, हा धडा किल्ल्यापासून पिशवीपर्यंत सगळीकडे सारखाच आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे वजन. शाळेचे दप्तर विद्यार्थ्याच्या वजनाच्या एक-दशांशाहून अधिक जड नसावे, असे २०२० सालच्या दप्तरविषयक राष्ट्रीय धोरणात सांगितले आहे. प्रवासाच्या पिशवीलाही हे माप लावून पाहावे. चाळीस किलो वजनाच्या मुलाने चार किलोंची पिशवी घ्यावी. चार किलो ऐकावयास पुष्कळ वाटतात. पण विज्ञानाच्या तासाला पाहिलेला ताणकाटा हाती घेतला, की खरा हिशेब कळतो. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. आणि बाटलीचे वजन वेगळेच. म्हणजे पाव हिस्सा तेथेच संपला. जाडजूड टॉवेलचे वजन साध्या पंचाच्या तिप्पट-चौपट भरते आणि पंचा वाळतोही लवकर. जाड जीनची विजार कोकणच्या दमट हवेत एकदा भिजली, की दुसऱ्या दिवशीही ओलीच असते. सुती अर्धी विजार सकाळी धुतली, तर सायंकाळी अंगात घालता येते. आठ दिवसांना आठ सदरे लागत नाहीत. चार सदरे आणि कपडे धुण्याची तयारी एवढे पुरते. आपला सदरा आपण धुण्याची तयारी हीदेखील प्रवासातील एक वस्तूच आहे. आणि तिला वजन मुळीच नाही.

रेल्वेने शयनयान वर्गातील प्रवाशास चाळीस किलो सामान विनामूल्य नेण्याची मुभा दिली आहे. पाच वर्षांपासून बारा वर्षांच्या आतील मुलाला त्याच्या निम्मी. पण रेल्वेची मुभा आणि आपल्या खांद्याची मुभा यांत फार अंतर आहे. कोकण रेल्वेच्या लहान स्थानकांवर गाडी जेमतेम दोन-तीन मिनिटे थांबते. तेवढ्या वेळात डब्यातील गर्दीतून वाट काढून, आजीचा हात धरून खाली उतरावयाचे असते. ज्याची पिशवी त्याच्या पाठीवर असेल, ते कुटुंब सुखाने उतरते. ज्यांच्या पाच पेट्या आसनांखाली साखळ्यांनी बांधलेल्या असतात, त्यांची काय त्रेधा उडते, ती आपण सर्वांनी पाहिलेली आहे. म्हणून पिशवी भरून झाली, की एक साधी परीक्षा घ्यावी. ती पाठीवर घेऊन घराचे दोन जिने चढावे आणि उतरावे. धाप लागली, तर पिशवी पुन्हा उघडावी आणि दोन वस्तू बाहेर काढाव्यात. कोणत्या काढाव्यात, हे ठरविताना जी घालमेल होते, तीच या कामातील खरी शाळा आहे. मला हवे ते सर्व मी बरोबर नेऊ शकत नाही, हे सत्य तेथे आपले आपल्याला उमगते.

येथे काही मुलांच्या मनात एक शंका येईल. "ज्याची त्याची पिशवी" असे एकदा ठरले, की प्रत्येक जण आपल्यापुरते पाहू लागेल आणि मग घर ते कसले? शंका योग्य आहे. परंतु मला वाटते, की परिणाम याच्या उलट होतो. ज्याच्या दोन्ही हातांत जड पेट्या असतात, त्याला दुसऱ्याला हात देता येत नाही. आपली पिशवी पाठीवर आणि हलकी असली, की निदान एक हात मोकळा राहतो. त्या मोकळ्या हातावर सर्वांचा अधिकार असावा. आपले सामान झाले, की घराच्या सामायिक सामानातील एक वस्तू प्रत्येकाने आपल्याकडे घ्यावी. कोणी पाण्याची बाटली सांभाळावी, कोणी खाऊचा डबा, कोणी आजीची काठी. परतताना वाटेतला आपला कचरा जिच्यात भरून आणावयाचा, अशी एक रिकामी पिशवीही कोणीतरी सांभाळावी. पाहावयास गेलेल्या किनाऱ्यावर आपल्या खाऊची वेष्टने टाकून येणे, हे यजमानाच्या अंगणात उष्टे टाकून येण्यासारखे आहे. आषाढी वारीत आळंदीहून पंढरपुरापर्यंत अडीचशे किलोमीटरांच्या सुमारास वाट चालणारी माणसे पाहा. जड सामान दिंडीच्या वाहनात जाते आणि प्रत्येकाच्या खांद्यावर लहानशी पडशी असते. पण कोणाच्या हाती पताका असते, कोणाच्या गळ्यात मृदंग, तर एखाद्या माउलीच्या डोक्यावर तुळशीवृंदावन. आपले ओझे कमी असते, म्हणून सर्वांचे वैभव उचलावयास हात मोकळे असतात.

आणखी एक गोष्ट विसरून चालणार नाही. सामान बांधणारा प्रत्येक जण सुटीवर निघालेला नसतो. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीडसारख्या जिल्ह्यांतून हजारो कुटुंबे ऊसतोडणीसाठी साखर कारखान्यांच्या मुलखाकडे निघतात. चार-सहा महिन्यांचा सारा संसार एका ट्रॉलीत बसवावयाचा असतो. धान्य, भांडी, अंथरूण-पांघरूण आणि राहण्याच्या खोपीसाठी लागणारे सामान, एवढे भरल्यावर तुमच्या वयाच्या मुलामुलीच्या दप्तरासाठी जागा काढावयाची असते. काही मुले गावीच आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहात राहतात आणि त्यांची शाळा टिकते. काहींना जावेच लागते. त्यांतील कित्येकांची शाळा तेथेच तुटते. जी मुले अशा वेळी एखादे पुस्तक सामानात खुपसून नेतात, त्यांना त्या पुस्तकाचे वजन आपल्याहून अधिक चांगले ठाऊक असते. आपण सुटीसाठी पिशवी भरतो, हे आपले भाग्य आहे. ती भरण्याचा कंटाळा करताना तरी या भाग्याची आठवण आपल्याला व्हावी.

इतके वाचून कोणाला वाटेल, की मी फार रुक्ष माणूस आहे आणि माझ्या पिशवीत पंचे आणि सुती सदरे यांखेरीज कशालाच स्थान नाही. तसे मुळीच नाही. प्रत्येक पिशवीत एक वस्तू अशी असावी, की जिचा उपयोग काय, असे कोणी विचारले तर सांगता येऊ नये. २९ मे १९५३ रोजी तेनसिंग नोर्गे आणि एडमंड हिलरी हे एव्हरेस्टच्या माथ्यावर प्रथम पोहोचले. इतक्या उंचीवर हवा अतिशय विरळ असते; प्रत्येक पाऊल टाकताना छाती फुटेल असे वाटते आणि पाठीवरचा एकेक तोळा मणासारखा भासतो. तेथे न्यावयाच्या वस्तू किती काटेकोरपणे निवडलेल्या असतील, याची कल्पना करा. तरीही तेनसिंग यांच्या खिशात एक लहानशी तांबडी-निळी पेन्सिल होती. त्यांच्या मुलीने, नीमाने, ती त्यांना दिली होती. जगातील सर्वांत उंच जागी त्यांनी बर्फात थोडी मिठाई ठेवली आणि तिच्याजवळच ती पेन्सिल ठेवली. त्या पेन्सिलीने चढण सोपी झाली नाही, थंडी कमी झाली नाही. पण ज्या माणसाच्या खिशात लेकीची पेन्सिल असते, तो एकटा चढत नाही. म्हणून बहिणीची बाहुली, तुमचे जुने शंखशिंपले किंवा मित्राने दिलेला भोवरा यांपैकी एक वस्तू खुशाल घ्या. मात्र एकच घ्या. आणि ती कोणती, हे तुमचे तुम्हीच ठरवा. हे दुसऱ्या कोणाला ठरविताच येणार नाही. आपली पिशवी आपण भरावी, याचे हेही एक कारण आहे.

मालवणच्या त्या प्रवासाला आता खूप वर्षे झाली. पत्र्याच्या ट्रंका माळ्यावर गेल्या आणि होल्डॉलचे पट्टे केव्हाच तुटले. आता आमच्या घरी प्रवासाच्या आदल्या रात्री जमिनीवर ढीग पडत नाहीत. जेवणे झाली, की प्रत्येक जण आपापली पिशवी घेऊन जिने चढून-उतरून येतो. एखाद्याला धाप लागते, दोन वस्तू निमूटपणे कपाटात परत जातात आणि थोडी हसाहशी होते. आई आता थकली आहे. तिचे सामान थोडेसेच असते आणि तेही ती स्वतःच भरते. दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाही. दिवे मालविण्यापूर्वी मी मात्र तिच्या खोलीच्या दारातून एकदा डोकावतो आणि विचारतो, "आई, तुझी चाळिशी घेतलीस ना?"